अज्ञानाचा करार : चार्ल्स मिल्स आणि सामाजिक ज्ञानमीमांसेची घडण

विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात इंग्रजी भाषक देशांतील विद्यापीठांच्या तत्त्वज्ञान विभागांत राजकीय तत्त्वज्ञान आणि ज्ञानमीमांसा ही दोन शास्त्रे शेजारी शेजारी शिकवली जात होती, परंतु त्यांच्यात देवघेव फारशी नव्हती. राज्यसत्तेला अधिकार कोठून प्राप्त होतो, न्याय्य समाजाची घडण कशी असावी, नागरिकाने कायदा कोणत्या कारणाने पाळावा, हे प्रश्न पहिल्या शास्त्राकडे होते. एखादी गोष्ट माणसाला ‘ठाऊक आहे’ असे केव्हा म्हणावे, समजूत आणि ज्ञान यांत नेमका भेद कोणता, पुरावा पुरेसा केव्हा होतो, हे प्रश्न दुसऱ्याकडे. सत्तेच्या रचनेमुळे समाजाच्या ज्ञानावर काय परिणाम होतो, आणि समाजाला काय ठाऊक नाही यावर सत्तेचे टिकणे किती अवलंबून असते, हा प्रश्न दोन्ही शास्त्रांच्या मधल्या पडीक जागेत राहिला होता आणि त्याला हात घालणारा अध्यापक आपल्या व्यवसायात बाजूला पडण्याचा धोका पत्करत असे. जमैकात वाढलेले आणि अमेरिकेत अध्यापन केलेले तत्त्वज्ञ चार्ल्स मिल्स (१९५१–२०२१) यांचे काम याच जागेत उभे राहिले. अन्याय आणि अज्ञान एकमेकांच्या आधाराने टिकतात, आणि तत्त्वज्ञानाने त्यांचा विचार दोन खात्यांत वाटून टाकल्यामुळे दोन्हींचे खरे स्वरूप त्याच्या नजरेआड झाले, हे त्यांच्या लेखनाचे मध्यवर्ती प्रतिपादन होय. ते कसे आकाराला आले हे समजण्यासाठी आधी त्या वाटणीकडे पाहावे लागते.

रेने देकार्त यांनी १६४१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मेडिटेशन्स’ या ग्रंथात ज्ञानाचा पाया शोधणारा माणूस एकटा आहे. इतरांकडून ऐकलेले सर्व काही तो बाजूला सारतो आणि स्वतःच्या बुद्धीला जे निःसंशय वाटेल तेवढेच स्वीकारतो. १६६० मध्ये लंडनला स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीचे ब्रीदवाक्यही कोणाच्या शब्दावर विसंबू नये याच आशयाचे होते. धर्मपीठाच्या आणि जुन्या ग्रंथांच्या अधिकाराविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या पिढीला ही भूमिका घेणे भाग होते यात शंका नाही. परंतु तिच्यामुळे दुसऱ्याच्या सांगण्यावरून मिळणारे ज्ञान, म्हणजे स्वतःच्या जन्मतारखेपासून दूरदेशीच्या भूगोलापर्यंत प्रत्येकाच्या जाणिवेचा फार मोठा भाग, पाश्चात्त्य ज्ञानमीमांसेत दुय्यम ठरला. अठराव्या शतकात टॉमस रीड यांनी दुसऱ्यावर विश्वास ठेवण्याची प्रवृत्ती ही मानवी बुद्धीची मूळ शक्ती असल्याचे मांडले, पण त्यांचा सूर मुख्य प्रवाहात मिसळला नाही. पुढे १९६३ साली एडमंड गेटियर यांनी अवघ्या तीन पानांच्या निबंधात ज्ञानाची प्रचलित व्याख्या, म्हणजे सत्य असलेली आणि सकारण धरलेली समजूत हेच ज्ञान ही व्याख्या, अपुरी असल्याचे दाखवले आणि त्यानंतर कितीतरी वर्षे या शास्त्राची बरीचशी शक्ती ती व्याख्या दुरुस्त करण्यात खर्ची पडली. त्या चर्चेतील ज्ञात्याला वय, वर्ण, लिंग किंवा गाव नव्हते. भारतीय परंपरेत नैयायिकांनी शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानले होते, आणि वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील भाष्यात आप्ताचे, म्हणजे ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा अशा माणसाचे, लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू होते असे स्पष्ट म्हटले होते. सिद्धांतातला हा समभाव मोलाचा आहे. पण प्रत्यक्षात कोणाला बोलू दिले जाई आणि कोणाचे ऐकून घेतले जाई, हा प्रश्न तेथेही शास्त्रचर्चेच्या केंद्राशी आला नाही.

राजकीय तत्त्वज्ञानातही असाच एक चेहरा नसलेला माणूस होता. टॉमस हॉब्ज यांचा ‘लेव्हायथन’ १६५१ मध्ये, जॉन लॉक यांचे राज्यशासनावरील दोन प्रबंध १६८९ मध्ये आणि रूसो यांचा ‘सामाजिक करार’ १७६२ मध्ये प्रसिद्ध झाला. या तिघांची मते परस्परांहून पुष्कळ वेगळी असली, तरी राज्यसंस्था ही स्वतंत्र आणि समान माणसांनी आपसांत केलेल्या करारातून निर्माण होते, अथवा तशी ती झाली आहे असे मानून तिची पारख करावी, ही कल्पना तिघांत समान आहे. करार करणारी ‘माणसे’ म्हणजे नेमकी कोण, हे मात्र ग्रंथांपेक्षा व्यवहारातच अधिक उघड झाले. लॉक यांनी आफ्रिकेतून गुलाम नेणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतवले होते, आणि १६६९ च्या कॅरोलायना वसाहतीच्या ज्या घटनेच्या मसुद्याशी त्यांचा संबंध होता, तिच्यात मालकाला गुलामावर संपूर्ण सत्ता दिलेली होती. शिकवणाऱ्यांनी या गोष्टी चरित्रकारांसाठी सोडून दिल्या आणि विद्यार्थ्यांपर्यंत केवळ सिद्धांत पोहोचवला. १९७१ साली हार्वर्डचे जॉन रॉल्स यांनी ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ लिहून कराराच्या कल्पनेला नवे जीवन दिले: समाजाची तत्त्वे ठरवणारी माणसे ‘अज्ञानाच्या पडद्या’आड आहेत, म्हणजे आपली जात, वंश, संपत्ती, बुद्धी यांपैकी काहीच त्यांना ठाऊक नाही, अशी कल्पना केली तर ती जी तत्त्वे निवडतील ती न्याय्य होत. या ग्रंथाने अमेरिकेतील राजकीय तत्त्वज्ञान नव्याने उभे केले. परंतु अमेरिकेत गुलामगिरी संपून जेमतेम शंभर वर्षे झाली होती आणि नागरी हक्कांची चळवळ डोळ्यांसमोर घडून गेली होती. असे असताना वांशिक अन्यायाची चर्चा या प्रचंड ग्रंथात जवळजवळ नव्हती.

त्याच १९७१ साली चार्ल्स मिल्स वेस्ट इंडीज विद्यापीठातून भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले. त्यांचा जन्म लंडनचा. आईवडील तेथे शिकण्यासाठी गेलेले जमैकन होते आणि मुलगा लहान असतानाच कुटुंब किंग्स्टनला परतले. वडील ग्लॅडस्टन मिल्स पुढे त्याच विद्यापीठात लोकप्रशासनाचे प्राध्यापक झाले. जमैका १९६२ च्या ऑगस्टमध्ये स्वतंत्र झाला होता, पण मळेवाल्यांच्या काळातील रंगाची उतरंड, सर्वांत वर गोरे, मध्ये मिश्रवर्णी आणि तळाला कृष्णवर्णीय बहुसंख्य, समाजात अद्याप ठळक होती. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठात इतिहास शिकवणारे गयानाचे वॉल्टर रॉडनी कॅनडातील एका परिषदेहून परतत असताना सरकारने त्यांना देशात उतरू दिले नाही. विद्यार्थी रस्त्यावर आले आणि राजधानीत दंगल उसळली. रॉडनी विद्यापीठाबाहेरच्या गरीब वस्त्यांत जाऊन आफ्रिकेचा इतिहास सांगत असत, आणि त्यांच्यावरील बंदीचे कारण समजून घेताना ही गोष्ट वगळता येत नाही. १९७२ मध्ये मायकेल मॅनली यांचे सरकार आले आणि काही वर्षे समाजवादाचा प्रयोग चालला. इतिहास कोणी सांगावा आणि कोणाला सांगावा यावरून सरकार हादरू शकते, हे या पिढीने पाहिले होते. मिल्स यांच्या पुढील कामाची दिशा एखाद्या तत्त्वज्ञानाच्या वर्गापेक्षा या काळाने अधिक ठरवली, असे म्हणण्यास त्यांचे लेखनच आधार देते.

किंग्स्टनमध्ये काही काळ भौतिकशास्त्र शिकवून ते कॅनडातील टोरोंटो विद्यापीठात तत्त्वज्ञानाकडे वळले. १९७६ मध्ये एम.ए. आणि १९८५ मध्ये पीएच.डी. झाले. त्यांच्या प्रबंधाचा विषय मार्क्स आणि एंगल्स यांच्या विचारातील ‘आयडिऑलॉजी’ची संकल्पना हा होता. या परंपरेत त्या शब्दाचा अर्थ केवळ राजकीय मतांचा संच एवढाच होत नाही. वर्चस्व असलेल्या वर्गाच्या हिताला पूरक ठरणाऱ्या आणि म्हणून सर्वांनाच नैसर्गिक भासू लागणाऱ्या कल्पनांची रचना, असा तो अर्थ आहे. मार्क्सच्या या प्रश्नात राजकारण आणि ज्ञान आधीच एकत्र गुंफलेले होते: लोकांना वास्तव वेगळे दिसते ते त्यांची बुद्धी कमी पडल्यामुळे नव्हे, तर समाजाची घडणच तसे दाखवते म्हणून. मिल्स यांनी नंतर वर्गाकडून वंशाकडे लक्ष वळवले, परंतु विचारण्याचा प्रकार बदलला नाही.

१९८७ साली ओक्लाहोमा विद्यापीठात आणि १९९० पासून शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. ज्या व्यवसायात ते शिरले होते त्याची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. हार्वर्डमधून तत्त्वज्ञानात पीएच.डी. मिळवणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन अ‍ॅलेन लॉक यांना ती १९१८ साली मिळाली होती, आणि त्यानंतर जवळपास शतक लोटले तरी अमेरिकेतील तत्त्वज्ञानाच्या अध्यापकांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १ टक्क्याच्या आसपासच होते. मिल्स यांनी आग्रहाने सांगितले की तत्त्वज्ञानाचा गोरेपणा केवळ या आकड्यात नाही. कोणता प्रश्न ‘खरा तात्त्विक’ आणि कोणता ‘केवळ समाजशास्त्रीय’ हे ठरवण्याच्या पद्धतीतही तो मुरलेला आहे. अगदी स्वतंत्रपणे आणि वेगळ्या समाजाविषयी, महाराष्ट्रात घडलेले राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त भारतीय समाजशास्त्रे कितपत समतावादी आहेत हा प्रश्न उपस्थित केला आणि सिद्धांत रचण्याचे काम वरच्या जातींकडे व अनुभवाची सामग्री पुरवण्याचे काम दलितांकडे अशी विद्येतील वाटणी दाखवून दिली. दोघांच्या प्रतिपादनातील साम्य उसने घेतलेले नाही, आणि म्हणूनच ते लक्षणीय आहे.

१९८८ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी मिल्स यांचा पर्यायी ज्ञानमीमांसांवरील निबंध प्रसिद्ध झाला. नॅन्सी हार्टसॉक यांच्यासारख्या स्त्रीवादी अभ्यासकांनी असे मांडले होते की समाजातील दबलेल्या स्थानावरून काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसू शकतात. घरकाम करणारीला मालकिणीचे घर ठाऊक असते, मालकिणीला तिचे घर ठाऊक नसते. हा दावा तपासताना मिल्स यांनी एक पथ्य पाळले, ते पुढेही सोडले नाही: दबलेल्याचे म्हणणे आपोआप खरे ठरत नाही, आणि सत्य ही कल्पनाच सत्तेचा खेळ म्हणून टाकून द्यावी असेही नाही, काही स्थानांवरून वास्तवाची विशिष्ट अंगे दिसण्याची शक्यता कारणांसह वाढते, एवढेच म्हणता येते. दुसरी घटना म्हणजे कॅरोल पेटमन यांचा ‘द सेक्शुअल काँट्रॅक्ट’ हा ग्रंथ. सामाजिक कराराच्या गोष्टीमागे स्त्रियांवरील पुरुषांच्या सत्तेचा एक न सांगितलेला करार दडलेला आहे, असे त्यात दाखवले होते. मिल्स यांना त्यात आपल्या विषयाची चौकट मिळाली.

‘द रेशियल काँट्रॅक्ट’ हे त्यांचे छोटेखानी पुस्तक कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रकाशनाने १९९७ साली काढले. गोऱ्यांचे वर्चस्व ही एक राजकीय व्यवस्था आहे आणि ती आजही अस्तित्वात आहे. लोकशाही, राजेशाही, हुकूमशाही यांचा अभ्यास जसा होतो तसाच तिचाही व्हायला हवा. आणि तिचे वर्णन एका कराराच्या रूपात करता येते, जो सर्व माणसांमध्ये झालेला नसून ‘माणूस’ म्हणून गणले गेलेल्यांमध्ये इतरांविषयी झालेला आहे, असे तीन दावे त्यात आहेत. या करारामुळे वसाहतींतील जमिनी, श्रम आणि संपत्ती कोणाकडे गेली हे सांगण्यात पुस्तकाचा बराच भाग खर्च होतो. परंतु त्यातील सर्वांत टिकाऊ विचार वेगळा आहे: या कराराला राजकीय आणि नैतिक बाजूंबरोबर ज्ञानाचीही एक बाजू आहे. करारात सामील होणाऱ्यांनी जग विशिष्ट तऱ्हेने चुकीचे पाहण्याचे, आणि त्या चुकीलाच सर्वमान्य ज्ञान मानण्याचे, जणू आपसांत ठरवलेले असते. परिणामी ज्या जगाची रचना त्यांनी स्वतः केली ते जग समजून घेणे त्यांनाच अशक्य होऊन बसते. अज्ञान म्हणजे ज्ञानाची नुसती रिकामी जागा, ही रूढ समजूत येथे मोडते. अज्ञान घडवले जाते, शिकवले जाते, त्याची डागडुजी केली जाते. कराराच्या रूपकावर टीकाकारांनी आक्षेप घेतले, आणि ते रूपक ठिकठिकाणी ताणलेले आहे हे मान्य करावे लागते. जो करार कोणी प्रत्यक्ष केला नाही तो पिढ्यान्पिढ्या कसा बांधून ठेवतो, याचे उत्तर पुस्तकात पुरेसे नाही. ज्ञानाविषयीचा मुद्दा मात्र रूपक काढून घेतले तरी उभा राहतो.

तो का उभा राहतो हे साक्षीच्या इतिहासातून दिसते, आणि मिल्स यांच्या विवेचनातील सर्वांत समृद्ध भागही हाच आहे. अमेरिकेच्या गुलामगिरी असलेल्या राज्यांत गोऱ्या माणसाविरुद्ध कृष्णवर्णीयाची साक्ष न्यायालयात चालत नसे. जेथे गुलामगिरी नव्हती तेथेही परिस्थिती नेहमी वेगळी नव्हती. कॅलिफोर्नियाने १८५० मध्ये कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी यांच्या गोऱ्यांविरुद्धच्या साक्षीला कायद्याने बंदी घातली आणि १८५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी चिनी लोकांनाही लागू असल्याचा निर्णय देऊन, चिनी साक्षीदारांच्या जबानीवरून खुनाबद्दल दोषी ठरलेल्या एका गोऱ्या माणसाची शिक्षा रद्द केली. खून झाला हे ज्यांनी पाहिले होते त्यांचे पाहणे कायद्याच्या दृष्टीने घडलेच नव्हते. नागरिकांचा साक्ष देण्याचा समान अधिकार १८६६ च्या नागरी हक्क कायद्याने देशभर मान्य केला, पण न्यायालयाबाहेरच्या साक्षीला कायदा पोहोचत नव्हता. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून बॉस्टनला आणलेल्या फिलिस व्हीटली यांचा कवितासंग्रह १७७३ मध्ये लंडनला छापला गेला, तेव्हा त्या कविता खरोखर त्यांनीच लिहिल्या आहेत अशी ग्वाही देणारे निवेदन त्याला जोडावे लागले. त्यावर बॉस्टनच्या १८ प्रतिष्ठित पुरुषांच्या सह्या होत्या. फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मकथन १८४५ साली निघाले तेव्हा विल्यम लॉइड गॅरिसन यांची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स यांचे पत्र सोबत होते. १८६१ मध्ये हॅरिएट जेकब्ज यांच्या पुस्तकावर संपादक म्हणून लिडिया मारिया चाइल्ड यांचे नाव होते. गॅरिसन, फिलिप्स आणि चाइल्ड हे गोरे लोक गुलामगिरीचे विरोधक होते आणि त्यांनी मनापासून साहाय्य केले. तरीही पाठीवरचे वळ ज्याच्या पाठीवर आहेत त्याच्या शब्दाला दुसऱ्या कोणाच्या तरी कातडीचे तारण लागत होते, हे त्या प्रथेतून स्पष्ट होते. तत्त्वज्ञही याला अपवाद नव्हते. इमान्युएल कांट यांनी १७६४ च्या एका ग्रंथात एका कृष्णवर्णीय सुताराचे मत, तो नखशिखान्त काळा आहे एवढ्याच कारणावरून, मूर्खपणाचे ठरवले होते. माणसाच्या स्वायत्ततेचा सिद्धांत मांडणाऱ्या विचारवंताच्या लेखणीतून हे वाक्य आले, याकडे मिल्स यांनी पुन्हा पुन्हा लक्ष वेधले.

साक्ष नाकारण्याइतकेच स्मरण पुसणेही परिणामकारक असते. या बाबतीत मिल्स यांचे खरे पूर्वसूरी तत्त्वज्ञान विभागात सापडत नाहीत. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ साली ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ हा ग्रंथ लिहिला आणि यादवी युद्धानंतर दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळाला त्या काळाविषयी शाळा-महाविद्यालयांतील पुस्तके काय शिकवतात याची तपासणी त्याच्या शेवटच्या प्रकरणात केली. कृष्णवर्णीय अज्ञानी आणि भ्रष्ट होते म्हणून तो प्रयोग फसला, असे ती पुस्तके ठासून सांगत होती, आणि ती लिहिणाऱ्यांत देशातील नामांकित इतिहासकार होते. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकत होते, तेव्हा हे मत पसरवणाऱ्या इतिहासकारांचे प्रमुख विल्यम डनिंग तेथेच प्राध्यापक होते. पुढे १९४६ मध्ये आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाला सादर होणाऱ्या निवेदनाची प्रत मागवली आणि अस्पृश्यांच्या स्थितीशी असलेले साम्य नमूद केले. त्याआधी ७३ वर्षे जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले होते, आणि त्या पुस्तकाचा मुख्य रोख पुराणकथांच्या रूपाने शूद्रातिशूद्रांच्या गळी उतरवलेल्या इतिहासावर होता. मिल्स यांनी ज्याला अज्ञानाची ज्ञानमीमांसा म्हटले त्याचे पद्धतशीर रूप फुले यांच्याकडे नाही. पण दास्य टिकते ते विद्येच्या नाकारण्यावर आणि खोट्या इतिहासावर, हे निदान त्यांच्या लेखनाच्या मुळाशी आहे.

दरम्यान ज्ञानमीमांसाही आपला एकटा ज्ञाता सोडून बाहेर पडत होती. ‘सामाजिक ज्ञानमीमांसा’ हे नाव प्रथम ग्रंथपालनशास्त्राच्या अभ्यासकांनी, मार्गारेट ईगन आणि जेसी शेरा यांनी, १९५२ मध्ये वापरले. समाजात ज्ञान कसे साठते आणि कसे फिरते याचा अभ्यास त्यांना अभिप्रेत होता. १९८७ मध्ये स्टीव्ह फुलर यांनी याच नावाचे नियतकालिक काढले. अ‍ॅल्व्हिन गोल्डमन यांनी १९९९ च्या ग्रंथात या शाखेला नेमकी कसोटी दिली: न्यायालये, वृत्तपत्रे, शाळा, निवडणुका यांच्या ज्या पद्धतींमुळे लोकांजवळच्या सत्य समजुती वाढतात त्या चांगल्या. २००६ साली एलिझाबेथ अँडरसन यांनी लोकशाहीचा याच दृष्टीने विचार करताना बीना अग्रवाल यांच्या दक्षिण आशियातील सामुदायिक वनव्यवस्थापनाच्या अभ्यासाचा आधार घेतला. सरपण गोळा करणाऱ्या स्त्रियांना समितीबाहेर ठेवल्यामुळे जंगलाविषयीचे त्यांचे ज्ञानही निर्णयाबाहेर राहत होते. एवढे काम झाले असूनही वंश हा विषय या नव्या शाखेच्या मुख्य ग्रंथांत जवळजवळ नव्हता.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोऱ्यांच्या अज्ञानावरील निबंधात मिल्स यांनी गोल्डमन यांची कसोटी स्वीकारली आणि उलटी फिरवली: कोणत्या सामाजिक प्रक्रियांमुळे असत्य समजुती वाढतात आणि सत्य समजुती रोखल्या जातात? त्यांनी आकलन, संकल्पना, स्मृती, साक्ष आणि समूहाचे हितसंबंध या टप्प्यांवर प्रश्नाचा शोध घेतला. ‘रानटी’ ही संकल्पना आधीच मनात असेल तर समोर शेती, नगरे आणि कायदे दिसत असूनही दिसत नाहीत. बेल्जियमचे राजे लिओपोल्ड यांच्या राजवटीत काँगोत झालेल्या संहाराचे कागद १९०८ मध्ये काँगो बेल्जियम सरकारच्या हाती जाण्यापूर्वी जाळले गेले, आणि पुढे बेल्जियममध्ये तो विस्मृतीतही गेला. गोऱ्यांजवळचे प्रत्येक अज्ञान या सदरात येत नाही, वंशव्यवस्था ज्याचे कारण आहे तेवढेच येते. आणि असे अज्ञान कृष्णवर्णीयांतही असू शकते, कारण शाळा आणि पुस्तके तीच असतात, हे त्यांनी काळजीपूर्वक नोंदवले. १९९७ च्या पुस्तकाची कीर्ती मोठी आहे, पण विचाराची घट्ट वीण या निबंधात अधिक आहे.

त्याच वर्षी मिरांडा फ्रिकर यांचा ‘एपिस्टेमिक इनजस्टिस’ हा ग्रंथ आला आणि ज्ञानविषयक अन्याय ही संज्ञा रूढ झाली. त्यांनी त्याचे दोन प्रकार केले. पूर्वग्रहामुळे बोलणाऱ्याच्या शब्दाला कमी वजन मिळते तो साक्षीचा अन्याय. स्वतःच्या अनुभवाला नाव देण्याची साधनेच समाजाच्या भाषेत नसतात तो अर्थबोधाचा अन्याय. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळासाठी इंग्रजीत १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत शब्दच नव्हता, तोवर तो सोसणाऱ्या स्त्रीला आपली तक्रार इतरांना आणि बऱ्याचदा स्वतःलाही समजावता येत नसे, हे त्यांचे उदाहरण. फ्रिकर यांचा भर ऐकणाऱ्याने अंगी बाणवायच्या सद्गुणावर होता. मिल्स यांचा भर ऐकणाऱ्याला तसा घडवणाऱ्या व्यवस्थेवर. गोरे जमीनदार आणि न्यायाधीश एकेकटे अधिक विनयी झाले असते तर १८५४ चा निर्णय बदलला असता का, या प्रश्नापाशी दोन भूमिकांतील अंतर दिसते, आणि तेथे मिल्स यांचे पारडे जड आहे.

राजकीय तत्त्वज्ञानातही त्यांनी हाच मुद्दा नेला. रॉल्स यांनी आधी ‘आदर्श सिद्धांत’ मांडावा, म्हणजे सर्वजण तत्त्वे पाळतात असे गृहीत धरून पूर्णपणे न्याय्य समाजाचे चित्र काढावे आणि अन्यायाचा विचार नंतर करावा, असा क्रम ठरवला होता. मिल्स यांनी २००५ च्या निबंधात दाखवले की असे चित्र तटस्थ नसते. प्रत्येक सिद्धांताला काही तपशील गाळावेच लागतात, हे भौतिकशास्त्राच्या पदवीधराला सांगण्याची गरज नव्हती. आक्षेप होता तो नेमके जे गाळले जाते त्यावर. वर्चस्व, सक्ती, वसाहती, जबरदस्तीचे श्रम हेच ज्या समाजाचे चालक घटक, त्यांना वगळून त्या समाजाची प्रतिकृती केली, तर ती प्रतिकृती त्याचे कार्य समजावत नाही, झाकते. ज्यांना त्या घटकांचा कधी त्रास झाला नाही त्यांनाच अशी प्रतिकृती स्वाभाविक वाटते; अशा प्रकारे आदर्श सिद्धांत हाच अज्ञानाचा एक प्रकार ठरतो.

या टीकेला सर्वांत समर्थ उत्तर हार्वर्डचे कृष्णवर्णीय तत्त्वज्ञ टॉमी शेल्बी यांनी दिले. रॉल्स यांनी वंशाविषयी फारसे लिहिले नाही हे खरे, पण संधीच्या न्याय्य समानतेचे त्यांचे तत्त्व वांशिक विषमतेलाही लागू करता येते, असे त्यांचे म्हणणे होते. मिल्स यांनी २०१३ मध्ये उत्तर दिले: ते तत्त्व न्याय्य समाजात कोणाला काय मिळावे हे सांगते, पण आधीच झालेल्या अन्यायाची भरपाई कशी करावी हे सांगत नाही, आणि गुलामगिरीवर उभ्या राहिलेल्या देशात मूळ प्रश्न भरपाईचाच आहे. यातून मिल्स उदारमतवादच नाकारतील असे अनेकांना वाटले होते. त्यांनी तसे केले नाही. २०१७ च्या ग्रंथात त्यांनी आपल्या भूमिकेला कृष्णवर्णीय जहाल उदारमतवाद असे नाव दिले आणि स्वातंत्र्य व समता ही मूल्ये सोडून न देता, ज्यांच्या नावाने ती पायदळी तुडवली गेली त्यांच्याकडून ती परत घ्यावीत असे मांडले. मार्क्सपासून निघालेल्या विचारवंताचा हा मुक्काम डाव्या टीकाकारांना रुचला नाही. परंतु शोषितांच्या चळवळींनी बहुधा समान हक्कांच्या भाषेतच आपली मागणी मांडली आहे, हे लक्षात घेता तो प्रामाणिक आणि विचारपूर्वक निवडलेला होता.

२००७ पासून नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आणि २०१६ पासून न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीच्या ग्रॅज्युएट सेंटरमध्ये ते प्राध्यापक होते. त्याच संस्थेत त्या काळात फ्रिकरही होत्या. २०१७ मध्ये ते अमेरिकन कला व विज्ञान अकादमीचे सदस्य निवडले गेले, आणि त्याच सुमारास अमेरिकन फिलॉसॉफिकल असोसिएशनच्या मध्य विभागाचे अध्यक्षही झाले. ज्या व्यवसायाने त्यांच्या प्रश्नाला बराच काळ तात्त्विक मानले नव्हते, त्याच व्यवसायाने ही पदे दिली. २०२० च्या फेब्रुवारीत मिशिगन विद्यापीठात त्यांनी वांशिक न्यायाच्या सिद्धांतावर टॅनर व्याख्याने दिली; भरपाईच्या न्यायाची तत्त्वे कराराच्याच चौकटीत कशी बसवता येतील हे तेथे ते रचू पाहत होते. पुढच्या वर्षी, २० सप्टेंबर २०२१ रोजी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले आणि त्या सिद्धांताची सविस्तर मांडणी राहून गेली. ‘द रेशियल काँट्रॅक्ट’ची २५ वर्षांनिमित्तची आवृत्ती २०२२ साली निघाली, तेव्हा तिची प्रस्तावना लिहिली ती टॉमी शेल्बी यांनी.